बोराडे काकांचं घर आणि सोसायटीचा खांब

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या गेटचा डावा खांब पाडला. चेअरमन देवरेंच्या मुलाने नवी लांबरुंद गाडी घेतली आहे, ती आत वळताना आरसा घासत होता. सभा नाही, ठराव नाही, इंजिनिअरचा अभिप्राय नाही. सकाळी दोन माणसं आली, ब्रेकर लावला आणि चहाच्या वेळेपर्यंत खांब जमीनदोस्त. मी ऑफिसला निघाले होते. स्कूटर बंद करून तिथेच उभी राहिले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. याच खांबासाठी या लोकांनी बोराडे काकांना अख्खा उन्हाळा झुलवत ठेवलं होतं. देवरे मजुरांना सूचना देत उभे होते. मला पाहून म्हणाले, काय करणार मॅडम, सगळ्यांचीच गैरसोय होत होती. त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बोराडे काकांबद्दल मात्र लिहिते. नाहीतर हा राग नुसताच आत धुमसत राहील.

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो-हाउसच्या रांगेत शेवटचं घर त्यांचं, त्याच्या अलीकडचं माझं. मध्ये एक भिंत, पण काकांच्या आवाजापुढे ती असून नसल्यासारखी. अंबडच्या एका फाउंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. फाउंड्रीत वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओततात, आणि तो साचा उठवायला आधी तशीच्या तशी लाकडी वस्तू घडवावी लागते. ती वस्तू म्हणजे पॅटर्न. काकांनी उभ्या आयुष्यात लाकडाचे पंप घडवले, लाकडाची गिअरबॉक्सची झाकणं घडवली. उंची बेताची, मनगटं जाड, भुवया एकमेकींना भिडलेल्या. रागावलेले नसले तरी रागावल्यासारखे दिसायचे, आणि बहुतेक वेळा खरोखरच रागावलेले असायचे.

राग कशावरही. तिरक्या बसवलेल्या स्विचबोर्डावर, कुरकुरणाऱ्या दारावर, 'चालतंय की' म्हणणाऱ्या कुठल्याही माणसावर. मी राहायला आले तेव्हा त्यांना आणि शकूकाकूंना चहाला बोलावलं होतं. चमचे काढायला मी ओट्याखालचा ड्रॉवर ओढला, तो जरासा अडखळला. काका उठले, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटा केला, आणि चहा तसाच टाकून ड्रॉवर काखेत मारून घरी निघून गेले. मी काकूंकडे पाहिलं. त्या शांतपणे चहा पीत म्हणाल्या, घासणाऱ्या ड्रॉवरच्या घरात त्यांना चहा गोड लागत नाही. अर्ध्या तासाने ड्रॉवर परत आला. तो आजही एका बोटाने सरकतो. माझं सामान जमिनीवर पसरून ठेवलं म्हणून मला मात्र त्यांनी कधी सॉरी म्हटलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने घड्याळ देऊ केलं. काकांनी घड्याळ नको सांगितलं आणि आपली पट्टी मागून घेतली. ही पट्टी साधी नव्हे. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशोब करत बसायला नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच ताणून आखलेली असते. तिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरहून बोटभर लांब. त्यांच्याकडची स्टीलच्या कामाची, म्हणजे सगळ्यात जास्त लांब. काका ती हातात घेऊन मोठ्या अभिमानाने सांगायचे, "आमची पट्टी खोटं बोलती, म्हणून कास्टिंग खरं येतं." दुसरं त्यांचं आवडतं बोलणं म्हणजे, सुटलं पाहिजे. वाळू न मोडता पॅटर्न साच्यातून अलगद बाहेर आला पाहिजे. जो सुटत नाही तो पॅटर्न नव्हे, नुसतं लाकूड. गुंडाळायच्या टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. टेप शिंप्याने वापरावा, म्हणायचे.

शकूकाकू त्यांच्या अगदी उलट. बारीक, हळू बोलणाऱ्या, बोलता बोलता श्वासासाठी मध्येच थांबणाऱ्या. फुप्फुसं कमजोर झाली होती. आमच्याकडे एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला कारखाने. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यांना इथून हलवा. काकू एवढंच म्हणाल्या, मला रानात नेऊन ठेवा.

रान म्हणजे निफाडकडची, कालव्याकाठची वडिलोपार्जित जमीन. लग्न होऊन काकू तिथेच आल्या होत्या. तिकडची हवा काही हिमालयातली नाही, द्राक्षांवरच्या फवारणीचा वास पार रस्त्यापर्यंत येतो. पण यांच्या तुकड्याच्या चारही बाजूंना ऊस, आणि कालव्यावरून येणारा वारा. अडचण अशी की काकांचा धाकट्या भावाशी वाटणीचा दावा चालू होता आणि कोर्टाने 'जैसे थे' सांगितलं होतं. निकाल लागेपर्यंत कोणीही तिथे वीटसुद्धा बसवायची नाही. काका वकिलाकडे गेले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला. चाकं असलेली वस्तू बांधकामात धरतात का? वकील म्हणाला, चाकं असली तर ते वाहन. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून मी काकांचं हसू पहिल्यांदा ऐकलं.

पॅटर्नमेकर छोट्या कागदावर विसंबत नाही, आधी पूर्ण मापात आखतो. काकांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने अख्खं घर आखलं. मग काकूंना आणून त्या रेघांमध्ये सतरंजीवर झोपवलं. गॅलऱ्यांमधून बायका बघत होत्या, काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काका ओरडत होते, "फोटोला झोपल्यासारखी काय झोपती? रोज झोपती तशी झोप." काकू कुशीवर वळल्या आणि काकांनी त्यांच्या गुडघ्याशी खूण केली. मग त्यांना उभं केलं, बसवलं, हात पुढे करायला लावला. हात खांद्याच्या वर गेला की त्यांना धाप लागायची, म्हणून सगळ्या फळ्या खांद्याच्या खाली. शेगडीसमोर बसायला बाक. बिछाना आडवा, घराच्या पूर्ण रुंदीत, आणि त्याच्याशी खिडकी इतकी खाली की उशीवरून डोकं न उचलता बाहेरचं दिसावं. त्या घरात एकही माप सरसकट कुठल्याही माणसाचं नव्हतं, प्रत्येक माप काकूंचं होतं. मला तेव्हा काकांचा हेवा वाटला होता, म्हणजे खरं तर काकूंचा.

दुसऱ्या दिवशी नोटीसबोर्डावर कागद लागला की सामाईक जागेत खडूने रेघोट्या मारू नयेत. देवरे कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. खातं सुटलं, पण कागद लावायची सवय सुटली नाही.

शहरातल्या द्वारका चौकातल्या एका गॅरेजातून काकांनी ट्रॉलीचा सांगाडा करून आणला. जुन्या सागाची दारं आणि चौकटी जमवल्या. आपल्या घराच्या बाजूला पत्र्याची शेड टाकून पावसाळाभर आणि हिवाळाभर ते एकटे खपत होते. सकाळी रंध्याचा आवाज सुरू झाला की मी गॅस लावायची. खिळा कुठे दिसायचा नाही, सगळं खाचा आणि खुंट्यांनी बसवलेलं. एखादा सांधा मनासारखा आला नाही तर अख्खी फळी सरपणात जायची, आणि ती फेकताना ते त्या फळीला शिव्या घालायचे. घराची रुंदी मात्र गेटवर ठरली होती. गेट मोजायला त्यांची पट्टी पुरेना, म्हणून नाक मुरडत माझ्याकडून टेप मागून नेला. दोन खांबांमधलं अंतर घेतलं, दोन्ही बाजूंना करंगळीएवढी जागा सोडली, आणि उरलेली सगळी रुंदी घराला दिली. काकूंना बिछान्यात पाय पसरता आले पाहिजेत, हा हट्ट.

घर तयार झालं तेव्हा सोसायटीतली नाकं मुरडणारी माणसंसुद्धा आत डोकावून गेली. सागाला तेल दिलेलं, छपराला हलका बाक, दार एका बोटाने लागणारं. निघायच्या सकाळी निफाडहून ट्रॅक्टर आला. काकूंना मी माझ्या भावाच्या गाडीत, गेटबाहेर सावलीत बसवलं होतं. त्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत पहिल्या दिवसापुरते तांदूळ-डाळ. काकांनी नारळ फोडला. ट्रॅक्टर हलला, घर डौलात गेटपर्यंत आलं, आणि लाकूड दगडावर घासल्याचा आवाज झाला.

ट्रॅक्टरवाला मागे वळून म्हणाला, "काका, बसत नाय."

"बसतं. सरळ घे."

त्याने मागे घेऊन पुन्हा सरळ आणलं. पुन्हा तोच आवाज. काकांनी माझ्याकडे न बघता टेप मागितला. गेट मोजलं, ते होतं तेवढंच होतं. घर मोजलं, ते इंचभर जास्त भरलं. मग ते घरात गेले, भिंतीला टांगलेली आपली पट्टी काढून आणली आणि जमिनीवर टेपाशेजारी ठेवली. मी त्यांच्यासमोर उभी होते. त्यांचा चेहरा मला आयुष्यात विसरता येणार नाही. गेट माझ्या टेपाने मोजलं होतं आणि घर त्या ताणलेल्या पट्टीने. जन्मभर जी पट्टी हातात धरली तीच सवयीने हाताने उचलली होती. सगळी लाकडं त्याच एका पट्टीने कापलेली, त्यामुळे एकमेकांत ती अगदी चोख बसली. खालच्या सांगाड्यापेक्षा तळ दोन्हीकडे थोडा बाहेर काढलेला, त्यामुळे तिथेही काही कळलं नाही. सुटलं पाहिजे हे त्यांचं बोलणं मला आठवलं आणि मी ओठ घट्ट मिटून घेतले.

काकू गाडीतून उतरून हळूहळू आल्या. काय झालं ते त्यांना सांगितल्यावर त्या हसायला लागल्या, इतक्या हसल्या की खोकला आला. मग काकांच्या दंडाला धरून म्हणाल्या, "अहो, मी काय लोखंडाची हे का, गार झाल्यावर आकसायला?" काका हसले नाहीत.

उपाय सोपा होता. डावा खांब पाडायचा, घर काढायचं, खांब पुन्हा बांधायचा. क्रेनने उचलावं तर वरून विजेच्या तारा गेलेल्या. काकांनी खांब स्वतः बांधून द्यायची तयारी दाखवली. पण त्या खांबावर नवीन ग्रॅनाइट होतं, आणि ग्रॅनाइटवर संगमरवरी पाटी, आणि पाटीवर कमिटीची नावं, सगळ्यात वर देवरेंचं. सभा बोलावली गेली. देवरे म्हणाले की आज एकासाठी खांब पाडला तर उद्या दुसरा कोणी भिंत पाडायला सांगेल, आणि इंजिनिअरचा अभिप्राय घ्यावा लागेल, आणि असा विषय वार्षिक सभेतच घेता येतो. खरं तर तेव्हाही निभावलं असतं. दोन-चार जण आमच्या बाजूने होते. पण काका उभे राहिले आणि म्हणाले, "बांधून देताना सरळ बांधून देतो. तसापण तो खांब ओळंब्यात नाय." ते खरं होतं, खांब झुकलेलाच होता. पण खरं कुठे बोलावं याची अक्कल या माणसाला कधी आली नाही. विषय वार्षिक सभेपर्यंत पुढे ढकलला गेला. मी त्या सभेत इतकी ओरडले की दुसऱ्या दिवशी ऑफिसात आवाज फुटत नव्हता. उपयोग शून्य.

आता माझ्या रागाचा दुसरा भाग सांगते, आणि तो मला जास्त जड जातो. दुसराही उपाय होता. घराची एक बाजू थोडी कापायची. काकूंनीच तो सुचवला. संध्याकाळी पायरीवर बसलेल्या असताना माझ्यासमोरच म्हणाल्या, "अहो, कापा ना थोडं. मला कुठं कळतंय."

काका म्हणाले, "कापायचं नाय. घरात चूक नाय. एक सांधा दाखव चुकलेला."

मीही सांगून पाहिलं. म्हटलं, काका, घर कोणासाठी केलंय ते आठवा, सांधे मग बघू. ते माझ्यावर असे काही भडकले की अख्ख्या रांगेने ऐकलं. बाईमाणसाला यातलं कळत नाही, तुमचा तो टेप घेऊन जा आणि पुन्हा इकडे आणू नका, असं बरंच काही. मी टेप घेऊन आले. त्यानंतर आमचं बोलणं बंद. त्यांना वाटत होतं की वार्षिक सभेत खांब पडेल आणि त्यांचं घर जसं केलं तसं, एकही फळी न दुखावता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेटातून जाईल. त्यासाठी ते वाट बघायला तयार होते. काकूंकडे वाट बघण्याइतका श्वास आहे का, हे त्यांनी कुठल्याही पट्टीने मोजलं नाही.

काकू दुपारच्या त्या घरात जाऊन पडायच्या. घर गेटच्या आत, पार्किंगच्या कडेला उभं होतं. त्या आडव्या बिछान्यावर त्या कुशीवर झोपायच्या, उशीवरून डोकं न उचलता खिडकीतून बाहेर बघायच्या, आणि समोर त्यांना देवरेंच्या गाडीचं चाक दिसायचं. मी ताक घेऊन गेले की मला म्हणायच्या, "घर लय सुखाचं झालंय गं, पाय पार लांब होतात." एकदा मी त्यांच्यासमोर काकांना नावं ठेवायला लागले तर त्यांनी माझा हात दाबला आणि विषय बदलला. उन्हाळा वाढला तशी धूळ वाढली. एका सकाळी काकूंना दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, आणि त्या परत आल्या नाहीत.

वार्षिक सभा ठरल्याप्रमाणे झाली. सुरुवातीला सगळ्यांनी उभं राहून शांतता पाळली आणि श्रद्धांजलीचा ठराव एकमताने मंजूर झाला. असा चटकन मंजूर झालेला ठराव मी त्या सोसायटीत दुसरा पाहिला नाही. मग देवरेंनी विषयपत्रिका बघितली आणि म्हणाले, खांबाचा विषय आता काही उरला नाही, पुढचा घेऊ. काका आलेच नव्हते. मी उठून बाहेर आले, कारण बसले असते तर हातून काहीतरी घडलं असतं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी करवतीचा आवाज आला. मी गॅलरीतून पाहिलं. काकांनी छपराला आतून टेकू दिले होते आणि घराची एका बाजूची भिंत उतरवत होते. खुंट्या एकेक करून ठोकून काढल्या, फळ्या सोडवल्या, मग छपराची कड आणि खाली बसून तळाचा दोन-तीन बोटांचा पट्टा कापला. कुठे घाई नाही, कुठे अडलं नाही. ना शिव्या, ना आरडाओरडा. सोडवलेल्या फळ्या त्यांनी आत नीट रचल्या. माझा पोह्यांचा नाश्ता होऊन, कपडे वाळत घालून होईपर्यंत त्यांचं काम संपलेलं होतं. एवढंच होतं ते काम. तेवढ्यासाठी ती बाई उन्हाळाभर गाडीच्या चाकाकडे बघत पडून राहिली.

निफाडचा तोच ट्रॅक्टर आला. मी खाली गेले. न बोलण्याचं ठरवलं होतं, पण राहवेना. त्यांच्यापुढे जाऊन मी विचारलं, "काका, हे तेव्हा का नाही केलं?"

त्यांनी हातावरचा भुसा झटकला. ओरडतील असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर ओरडावं असंही वाटलं. ते इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

"तव्हा मला बरोबर ठरायचं होतं, ताई."

त्यांची समजूत घालावी असं मला वाटलं नाही, आणि अजूनही वाटत नाही. ते घरात चढले. ट्रॅक्टरवाल्याने मागे बघत घर हळूहळू बाहेर काढलं. ते खांबाला कुठेही न घासता निघालं. भिंत नसल्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. खाली लावलेल्या फळ्या, शेगडीसमोरचा बाक, आणि मागे तो आडवा बिछाना. काका बिछान्याच्या अगदी कडेला, अंग चोरून बसले होते, आणि खिडकीकडची सगळी जागा त्यांनी मोकळी ठेवली होती.